थिनरच्या डब्यावरची रेघ

माझ्या सासूबाईंचा दुधावर विश्वास नाही, वजनकाट्यावर नाही, शेजारणीच्या हसण्यावर नाही, आणि माझ्यावर किती असेल ते तुम्हीच ओळखा. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात. आमच्याकडे उलटं आहे. ग्रह त्या आहेत आणि मी त्यांच्या घरात राहतो. घरजावई म्हटलं की लोक ओठ कसे मुडपतात ते मला पाठ आहे, पण सासरे गेले, घरात आईशिवाय कोणी उरलं नाही, आणि बायको म्हणाली की आईला एकटी ठेवायची नाही. झालं. मी माझे ब्रश आणि डबे उचलून इथे आलो. त्या दिवशी सासूबाईंनी दारात उभं राहून माझे डबे मोजून घेतले होते. का, ते त्यांनाच ठाऊक.

मी रंगारी. लोकांची घरं रंगवतो, दारांना पॉलिश करतो. सासूबाई कापडाच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर आहेत. तिरपं काचेचं टेबल, खालून दिवा, आणि वरून कापड सरकत येतं. डाग नाहीतर भोक असेल तर ते कुणालाही दिसतं. पण एखादं सूत जाड लागलंय, कुठे बारीकशी गाठ आलीय, कुठे धागा सुटून परत विणला गेलाय, हे दिव्यातसुद्धा नीट दिसत नाही. ते बोटांना कळावं लागतं. सासूबाई डोळे मिटून हात फिरवतात, मध्येच थांबतात आणि तिथे लाल दोरा बांधतात. कारखान्यात त्यांना भिंगबाई म्हणतात. संशय हा तिथे गुण आहे. संध्याकाळी तोच गुण त्या घरी घेऊन येतात आणि मग आमचं काही खरं नसतं.

आता या बाईला सगळ्यात मोठा संशय कशाचा, तर घाणीचा. त्यातही दुसऱ्यांनी केलेल्या घाणीचा. नोट हातात आली की हात धू. दाराची कडी लागली की हात धू. माझ्या दुचाकीला नुसता हात लागला तर दोनदा धू. बरं, धुवायचं कशाने? तर कपडे धुवायच्या साबणाच्या वडीने. अंगाच्या साबणाला त्या ‘नुसता वास’ म्हणतात. पाणीही कोमट चालत नाही, चांगलं कढत लागतं, कारण कोमट पाण्याने काय मरतंय. शेवटी टाचा घासायच्या वज्रीने बोटं घासायची, म्हणजे ती गुळगुळीत राहतात आणि कापडात अडकत नाहीत. हे मी आल्यापासून बघत होतो. आपल्याला काय करायचंय, म्हणून गप्प होतो.

पहिल्यांदा अंगठीखाली लाल झालं. थोडी खाज, थोडं पाणी सुटल्यासारखं. सासूबाईंनी अंगठी काढली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, “मला तेव्हाच वाटलं होतं. सोनाराने तांबं घातलंय.”

“आई, ही अंगठी तुझ्या लग्नातली आहे,” माझी बायको म्हणाली. “तांबं इतकी वर्षं झोपलं होतं का?”

“लबाडी उशिरा बाहेर येते,” सासूबाई म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.

अंगठी कपाटात गेली, पण लाली काही गेली नाही. ती बाजूच्या बोटांवर सरकली. मग बोटांची टोकं कोरडी पडली, सोलायला लागली आणि त्यांना चिरा गेल्या. भाकरी मोडताना त्या हळूच श्वास ओढायच्या. आम्ही विचारलं की म्हणायच्या, काही नाही, गरम होतं. सोनार सुटला आणि संशय शेजारच्या टेबलावरच्या बाईवर गेला. ही बाई गोड बोलते म्हणून सगळे तिला साखरबाई म्हणतात. तिने आपल्या पर्समधली क्रीमची डबी पुढे केली होती, बास, एवढाच तिचा गुन्हा.

“फुकट कोण कुणाला काय देतं?” सासूबाई मला म्हणाल्या. “तिला माझं टेबल पाहिजे. माझ्या टेबलावर उजेड चांगला पडतो.”

“मग तुम्ही ती क्रीम लावलीत का?”

“मी? मी तिच्या डबीला हातसुद्धा लावला नाही. झाकण लागलं चुकून, तर लगेच धुऊन आले.”

साखरबाईनंतर माझा नंबर लागणार हे मला माहीत होतं. एक दिवस मी कामावरून आलो तर माझे सगळे डबे, थिनर, पॉलिश, सगळं घरातून उचलून मागच्या गॅलरीत मांडलेलं. जेवताना सासूबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या, “काही लोकांच्या सामानाच्या वाफेने दुसऱ्याची कातडी जाते.” मी घास गिळला. आपण गरीब माणूस. पण डोकं तापलंच. वर्षानुवर्षं त्याच थिनरवर माझं पोट चालतंय, आणि म्हणे वाफ.

आणि मग तो दिवस आला. दोन तागे परत आले. सासूबाईंनी पास केलेले, त्यांच्या टेबलावरून गेलेले. एकात सुताची गाठ, दुसऱ्यात हातभर जाड धागा. आजवर असं कधी झालं नव्हतं. साहेबाने त्यांना बोलावलं आणि आवाज न चढवता सांगितलं की पुढच्या महिन्याच्या शेवटी तुमच्या हातांची परीक्षा घेऊ. जमलं तर टेबल तुमचं, नाहीतर बांधणीत जा. तोवर जाडं कापड बघा. बांधणी म्हणजे गठ्ठे बांधायचे आणि ढकलायचे. काम वाईट नाही, पण तिथे भिंगबाई कोणी नसते.

घरी येऊन त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, “कुठेतरी पाणी मुरतंय.” पण या वेळी आवाजात दम नव्हता. मी पहिल्यांदा त्यांचे हात नीट बघितले. वाळलेल्या चुन्याला तडे जातात तशी बोटं झाली होती. त्या दिवशी, खरं सांगतो, माझा राग गेला. अर्धा तरी गेला.

बायकोने त्यांना ओढत त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी रिक्षा ठरवायला म्हणून बरोबर. डॉक्टरीणबाईंनी हातात भिंग घेतलं आणि भिंगबाईंची बोटं त्याखाली धरली. मला हसू आलं, ते मी खोकल्यात घालवलं.

“दिवसातून किती वेळा हात धुता?” त्यांनी विचारलं.

“हे कशाला पाहिजे तुम्हाला?” सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी समजावलं की कातडीवर आपला असा एक तेलकट थर असतो, तो दारावरचा राखणदार. कढत पाणी आणि कपड्याचा साबण त्याला रोज हाकलून लावतात. राखणदार गेला की आतला ओलावा बाहेर आणि बाहेरचं सगळं आत. अंगठीखाली साबण अडकून बसला, म्हणून सुरुवात तिथून झाली. सोनाराचा काही दोष नाही. वज्री बंद. भांडी घासणं बंद, नाहीच जमलं तर हातमोजे घालून. हात धुवायचे ते कोमट पाण्याने, सौम्य साबणाने, खरंच मळले तरच. टिपायचे, चोळायचे नाहीत, बोटांच्या बेचक्यातसुद्धा पाणी ठेवायचं नाही. आणि ओलसर आहेत तोवरच साधं व्हॅसलीन लावायचं. एक मलम दिलं, ते झोपताना थोडंसं, आणि सांगितलेल्या दिवसांपुरतंच. बरं वाटतंय म्हणून मनाने पुढे लावत बसायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

पायऱ्या उतरताना सासूबाई म्हणाल्या, “हात धुऊ नका सांगणारी डॉक्टरीण मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. हिची डिग्री बघितलीत का भिंतीवर? चौकट नवी होती.”

तरी मलम घेतलं. लावलंही, आम्ही समोर उभं राहून बघितलं. कपड्याची वडी बायकोने फेकून दिली. भांडी मी घासायला लागलो. आठवडा गेला आणि हात होते त्याहून वाईट झाले. चिरांतून रक्त दिसायला लागलं. सासूबाईंचा चेहरा मात्र ‘बघा, मी म्हणत नव्हते’ असा. डॉक्टरीण खोटी निघाली याचा त्यांना आनंद होता, की हात जाणार याचं दुःख होतं, ते कळायला मार्ग नव्हता.

त्याच दिवसांत माझ्याही मनात पाल चुकचुकली. थिनरचा डबा हलका लागत होता. थोडं उडतं, ते मला माहीत आहे, पण बूच लावलेल्या डब्यातून इतकं नाही. मला वाटलं, झालं, ही बाई माझं थिनर मोरीत ओततेय. वाफेचा बंदोबस्त. वर्षानुवर्षं माझ्यावर संशय घेतला, आता सामानावर हात टाकला. मी बायकोला बोललो नाही. डबा प्लास्टिकचा, उजेडात आतली पातळी दिसते. त्यावर, थिनर जिथवर होतं तिथे, पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली आणि गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी, मी हात पुसायला घ्यायच्या आधीच, पातळी रेघेच्या खाली. तिसऱ्या दिवशी आणखी खाली. मला कसला आसुरी आनंद झाला म्हणून सांगू. भिंगबाईंची चोरी पकडली होती, आणि तीसुद्धा मी.

सकाळी लवकर उठलो. त्या कामावर निघायच्या आधी गॅलरीत जातात हे मला दिसलं होतं. मी अनवाणी मागे गेलो. तोंडात वाक्य तयार होतं, ‘काय आई, मोरीला रंग द्यायचाय का?’

सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर चिंधी, शेजारी माझा डबा. चिंधी थिनरमध्ये बुडवून त्या एकेक बोट पुसत होत्या. चिरांमध्ये थिनर गेलं की काय होतं ते मला माहीत आहे, माणूस नाचतो. त्या नाचत नव्हत्या. डोळे मिटून, दात आवळून पुसत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

माझं वाक्य गेलं कुठल्या कुठे. “आई, हे काय करताय?”

त्या दचकल्या, चिंधी पदराखाली घेतली. मग कळलं की लपवून उपयोग नाही. “मलम चिकट असतं,” त्या म्हणाल्या. “रात्रभराचं बोटांत बसतं. पांढऱ्या कापडावर एक तेलकट बोट उठलं की ताग्याची वाट. तुमच्या त्या सौम्य साबणाने ते निघत नाही, मी बघितलंय. आमच्या कामात हात कोरडाच लागतो, ते डॉक्टरीणबाईला काय कळणार?”

“पण थिनर? तुम्हीच म्हणालात ना, याच्या वाफेने कातडी जाते?”

“तुम्ही नाही का रोज संध्याकाळी त्यानेच हात पुसत?” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “तुमच्या हातांना कुठे काय झालंय? ते बघूनच केलं. म्हटलं, वाफ वाईट असेल, पण हाताला चालत असणार.”

सोनारावर विश्वास नाही, डॉक्टरवर नाही, साखरबाईच्या डबीच्या झाकणावर नाही. आणि या बाईने आयुष्यात विश्वास टाकायला निवडलं कुणाला, तर मला. तेही चोरून.

“आई,” मी म्हणालो, “मलम उरतंय की नाही ते सोडा, या थिनरने तुमची कातडी उरत नाहीये.”

“मला कापड कळेनासं झालंय,” त्या एकदम म्हणाल्या. “हात फिरवते, काहीच लागत नाही. गाठ आली तरी लागत नाही. त्या दोन ताग्यांवर मी हात फिरवला होता, मला आठवतंय. मला वाटलं कोणीतरी मुद्दाम बदलले. सगळ्यांवर संशय घेतला. तुमच्यावरही.” मग चिंधीची घडी घालत, “तुमच्यावर अजून थोडा आहे.”

“असू दे,” मी म्हणालो.

डबा मी उचलून माझ्या कामाच्या ठिकाणी नेऊन ठेवला. बायकोला सगळं सांगितलं, रेघ सोडून. ती पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेली, थिनर ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी वेळा बदलून दिल्या. मलम आणि व्हॅसलीन कारखान्यातून आल्यावर संध्याकाळीच लावायचं आणि वर पांढरे सुती हातमोजे चढवायचे. सकाळपर्यंत सगळं कातडीत जिरतं, मग कोमट पाण्याचा एक हात आणि कोरडं टिपणं पुरतं. सासूबाईंनी विश्वास ठेवला असेल तर शपथ. रोज सकाळी बायकोची पांढरी ओढणी घ्यायच्या, तिच्यावर बोटं दाबायच्या आणि डाग उठलाय का ते खिडकीत धरून बघायच्या. डाग उठत नव्हता. तरी उद्या उठेल म्हणायच्या.

हात धुवायची सवय मात्र सहजी जाईना. कडीला हात लागला की पाय आपोआप मोरीकडे. बायको ओरडायची, “आई, राखणदार.” तेवढ्या एका शब्दावर त्या परत फिरायच्या, पुटपुटत. नाही म्हटलं तरी हळूहळू लाली उतरली. चिरा भरल्या. सोललेली टोकं मऊ झाली. पण बोटांना कापड कळतं की नाही, हे त्या बघेनात. मी जुनी चादर पुढे केली, रुमाल दिला, बायकोने साडी दिली. हात मागे घ्यायच्या. घरात तपासून कळलं की कळत नाही, तर मग उद्या साहेबासमोर कुठल्या तोंडाने जायचं, ही भीती होती. तसं त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “घरच्या कापडावर काय भरवसा?”

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी एका जुन्या दाराला पॉलिश पेपर मारून आलो होतो. उजव्या तळव्यात बरेच दिवस काहीतरी टोचत होतं. ब्रश धरला की कळ यायची. मी दिव्याखाली बघितलं होतं, बायकोने बघितलं होतं, चष्मा लावून बघितलं होतं, काही सापडत नव्हतं. मी कुरकुरत होतो.

“इकडे आणा,” सासूबाई म्हणाल्या. वैतागून म्हणाल्या, माझ्या कुरकुरीला कंटाळून. मी हात पुढे केला. इतकी वर्षं एका घरात राहून या बाईने माझा हात कधी धरला नव्हता. त्यांनी हातमोजा काढला, माझा तळवा उलटा करून मांडीवर घेतला, आणि डोळे मिटले.

बोटं सरकायला लागली. मनगटापासून वर, हळू, अगदी हळू. मध्येच थांबून त्या म्हणाल्या, “हे काय हात आहेत का गोणपाट? थिनर लावतो म्हणे.” पुन्हा पुढे. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात कालथा तसाच. अंगठ्याच्या खालच्या उंचवट्यावर बोट आलं, पुढे गेलं, आणि परत मागे आलं.

“इथे,” सासूबाई म्हणाल्या. “कूस आहे. आडवी शिरलीय.”

डोळे उघडून त्यांनी सुई मागितली, आणि नेम धरून काढली. लाकडाची कूस, पापणीच्या केसाहून बारीक. त्यांनी ती नखावर घेऊन दिव्यात धरली आणि बघतच राहिल्या. मग त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “ठेवा. उद्या म्हणाल, सुईनेच घातली.”

दुसऱ्या दिवशी त्या संध्याकाळी आल्या, चप्पल काढली, पाणी प्यायल्या. आम्ही दोघं तोंडाकडे बघतोय.

“काय झालं, आई?” बायकोने विचारलं.

“टेबल दिलं परत.” खुर्चीत बसून त्यांनी पाय लांब केले. “साखरबाई रडली. का रडली कोण जाणे. आणि साहेबाने कापड मुद्दाम सोपं दिलं होतं, सगळ्या गाठी लगेच लागल्या. काहीतरी डाव आहे त्याचा.”

मग पिशवीतून त्यांनी सुती हातमोज्यांचा एक नवा जोड काढला. मोठ्या मापाचा. व्हॅसलीनची डबी त्याच्यावर ठेवली आणि दोन्ही माझ्या पुढ्यात सरकवलं.

“दुकानदार एकावर एक फुकट देत होता,” त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या. “मला संशय आला, पण आणले. आजपासून हाताचा रंग आधी गोडेतेलाने काढायचा, मग साबण. थिनर बंद.”

त्या दुकानदाराला मी लहानपणापासून ओळखतो. त्याने आजवर कुणाला पुडीचा दोराही फुकट दिलेला नाही. व्हॅसलीन लावलं आणि हातमोजे घातले.